वजन कमी करायचंय, मग भात-चपातीचं काय करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यात मी आहारसल्ल्याचं काम करते. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "ताई, मी भात बंद केलाय." अभिमानाने सांगतात, आणि चेहरा मात्र थकलेला असतो. वर्षानुवर्षं तेच ते प्रश्न येतात म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण असं काही असेल तर खालचा त्याविषयीचा प्रश्न आधी वाचा.

कार्ब्ज म्हणजे नेमकं काय?

कर्बोदकं. त्यात साखर आली, धान्या-कंदांमधलं पिष्ट आलं आणि आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे फायबर, तेही आलं. साखर किंवा पिष्टाच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी मिळतात. प्रोटीनलाही ४. तेलातुपाला ९. म्हणजे वजनाला वजन लावलं तर कार्ब्ज हा काही सर्वांत जास्त कॅलरीचा पदार्थ नाही. आणि डाळ, मटकी, पालक, पेरू, ताक या सगळ्यांतही कार्ब्ज असतातच. "मी कार्ब्ज खात नाही" असं म्हणणारा माणूस बहुधा फक्त भात-चपाती खात नसतो.

मग वजन कार्ब्जमुळेच वाढतं असं सगळे का म्हणतात?

कारण आपल्या ताटात ते खरंच प्रमाणाबाहेर असतात. सुटे सुटे बघितले तर प्रत्येक पदार्थ साधा, घरचा आणि निरुपद्रवी वाटतो. बेरीज केली की कळतं.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या आणि ऐरोलीत नोकरी करणाऱ्या एका बाईंनी मला आठवडाभराची वही आणून दिली होती. त्यातला एक मंगळवार बघा. सकाळी बशीभर पोहे, म्हणजे कोरडे ५० ग्रॅम: ३८ ग्रॅम कार्ब्ज. दिवसभरात तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर: ३०. डब्यात तीन चपात्या: ५८ च्या आसपास. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर एक वडापाव: ४० तरी. रात्री दोन चपात्या, ३८, आणि वर दोन वाट्या भात, ५९. झाले २६३ ग्रॅम. भाजीतला बटाटा आणि पातळ वरण मी यात धरलेलंच नाही. आणि संपूर्ण दिवसात दाट डाळ नाही, उसळ नाही, अंडं नाही, दही नाही. त्या म्हणाल्या, "मी तर बाहेरचं काहीच खात नाही, तो एक वडापाव सोडला तर." खरंच बोलत होत्या.

धान्यावर धान्य, हा आपल्या घरांचा मुख्य प्रश्न आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार-मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत धान्यांमधून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि डाळी, अंडी, मांस-मासे मिळून १४-१५ टक्के असू द्या, असं म्हटलंय. प्रत्यक्षात भारतीय माणसाच्या आहारात धान्यांचा वाटा ५० ते ७० टक्के आणि डाळी-मांसाचा ६ ते ९ टक्के आहे, हेही त्यातच नोंदवलंय. त्यामुळे मी कुणालाही भात सोडायला सांगत नाही. मी डाळीचा डाव मोठा करायला सांगते.

त्याच बाईंचा दिवस बदलून कसा दिसतो?

पोहे ३५ ग्रॅम, त्यात मूठभर मटार आणि दाणे, सोबत एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही. चहा दोनदा, एकेक चमचा साखर घालून. डब्यात दोन चपात्या, भाजी दुप्पट आणि वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ. संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्री एक ज्वारीची भाकरी, दाट आमटी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर. दिवसात एक फळ. कार्ब्ज होतात १७५-१८० ग्रॅम. उपाशी तर कुठेच राहिलं नाही. भात आठवड्यातून तीन-चार रात्री भाकरीच्या जागी येतो, भाकरीच्या जोडीला येत नाही.

जांभळी नाक्याच्या बाजारातून लाल माठ, शेपू, मेथी आणायची आणि निवडायची म्हणजे वेळ जातो, हे मला मान्य आहे. रविवारी निवडून, कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली की तीन दिवस पुरते.

मी भात-चपाती पूर्ण सोडली आणि आठ दिवसांत ३ किलो गेले! मग चुकलं कुठे?

ते बहुतांश पाणी होतं. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं: यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंमध्ये ३००-४०० ग्रॅम. एकेका ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. कार्ब्ज तोडले की हा साठा रिकामा होतो, पाणी लघवीवाटे जातं आणि काटा खाली येतो. चरबी अजून जागच्या जागी असते. पुढे गणपतीत दोन दिवस मोदक खाल्ले, साठा भरला, काटा वर गेला. मग माणूस रडकुंडीला येऊन म्हणतो, "माझ्या शरीरालाच भात मानवत नाही." मला याचं फार वाईट वाटतं. दोष शरीराचा नव्हता, आणि भाताचाही नव्हता.

चरबी हळू जाते. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग आहे. काही आठवडे त्याहून कमी झालं तरी चालतं.

कीटो करू का?

कीटो, म्हणजे कार्ब्ज अगदी कमी आणि तेल-तूप भरपूर असलेला आहार, मुळात आकडीच्या रुग्णांसाठी तयार झाला, १९२१ साली, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये. औषधांना दाद न देणाऱ्या आकडीच्या मुलांसाठी तो आजही वापरतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वजनासाठी केला तर वजन उतरतं, हे खरं. पण दिवसाला २०-५० ग्रॅम कार्ब्जमध्ये आपल्या घरात काय बसतं? एक भाकरी खाल्ली की ३४ ग्रॅम संपले. आमटी, उसळ, फळं सगळं बाहेर. शाकाहारी घरात उरतं पनीर, तूप आणि सुकामेवा. चोथा कमी पडतो, बद्धकोष्ठता येते. तिसऱ्या महिन्यात लग्नसराई येते आणि सगळं सुटतं.

स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ प्रौढांवर वर्षभर प्रयोग केला होता. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना कमी कार्ब्जचा आहार, अर्ध्यांना कमी स्निग्धांशाचा. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, घरी शिजवलेलं खा, असंच सांगितलं होतं. वर्षअखेर सरासरी घट एका गटात ६ किलो, दुसऱ्यात ५.३ किलो. हा फरक लक्षणीय नव्हता. जो आहार तुमच्या घरात, तुमच्या डब्यात, तुमच्या सणांत टिकेल तो निवडा, हे मी त्यावरूनच सांगते.

कमीत कमी किती कार्ब्ज हवेत, असं विचाराल तर आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशींमध्ये प्रौढांसाठी रोज १३० ग्रॅम हा आकडा आहे. त्याच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नका.

चपाती सोडून भाकरी खाल्ली तर वजन कमी होईल का?

आपोआप होणार नाही. हैदराबादच्या त्याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक-तक्त्यात बघा. १०० ग्रॅम कणकेत चोथा ११ ग्रॅमच्या पुढे, ज्वारीत १० च्या पुढे, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास. कॅलरी सगळ्यांत ३२० ते ३५० च्या दरम्यान. म्हणजे कोंड्यासकट दळलेली कणीक भाकरीच्या पिठापेक्षा काही कमी प्रतीची ठरत नाही. फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. चपातीच्या घडीत तेल, वरून तेल. चार चपात्यांमागे चार चमचे तेल सहज जातं, आणि एका चमच्याला ४५ कॅलरी. भाकरीला तेल लागत नाही. भाकरी सावकाश चावावी लागते आणि एका भाकरीत माणूस थांबतो. चपात्या मऊ असतात, बोलता बोलता चौथी पोटात जाते.

नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून चाळिशीच्या पुढच्या बायकांना मी ती आवर्जून सांगते. चपाती आवडत असेल तर चपातीच खा. घडीत तेलाऐवजी चिमूटभर पीठ लावा, तव्यावरून काढल्यावर एकीला थोडं तूप लावा आणि दोनवर थांबा. कणीक बारीक चाळणीने चाळू नका. तो कोंडा टाकायचा नसतो.

भात खायचा तर किती?

वाटी मोजा. कुठली वाटी, तेही बघा. घराघरात वाट्या वेगळ्या असतात, माझ्या माहेरची वाटी सासरच्या दीड वाट्यांएवढी होती. मी लोकांना एकदाच एक काम करायला सांगते: रोज जेवढा भात घेता तेवढा ताटात घ्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. १०० ग्रॅम शिजलेला भात म्हणजे सुमारे १३० कॅलरी. बहुतेकांच्या अंदाजात "थोडासा" असलेला भात अडीचशे ग्रॅम भरतो. आकडा दिसला की पुढे कुणाला काही सांगावं लागत नाही.

वजन कमी करताना एका जेवणात १०० ते १२० ग्रॅम शिजलेला भात पुरे, त्याच्याइतकंच दाट वरण आणि दुप्पट भाजी. मऊ आसट भातावर पातळ वरण घेतलं की जेवण दोन मिनिटांत संपतं, म्हणून वरण घट्ट ठेवा.

चेंदणी कोळीवाड्यातून, बाळकुमहून येणाऱ्या घरांत तांदळाची भाकरी आणि मासे हे रोजचं जेवण. तिथे मी काहीच उलटंपालटं करत नाही. मासे हे उत्तम प्रोटीन आहे. भाकरी एक, मासे तव्यावर कमी तेलात, कालवणात खोबरं बेताचं आणि सोबत एक भाजी. भाकरीनंतर पुन्हा कालवणभात घ्यायची सवय तेवढी सोडवते.

रात्री ७ नंतर कार्ब्ज खाल्ले की चरबी होते, खरं का?

ठाण्याच्या माणसाने ७ ला जेवायचं म्हटलं तर त्याला फलाटावर जेवावं लागेल. सातच्या ठोक्याला काही बदलत नाही. हिशेब दिवसभराचा असतो. मात्र उशिरा जेवून लगेच आडवं होणं चांगलं नाही: रात्री साखर चढी राहते, पित्त होतं, झोप बिघडते. नऊला घरी पोचत असाल तर साडेनऊला हलकं जेवा आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. तलावपाळीला एक फेरी मारा किंवा सोसायटीच्या आवारात फिरा. जेवणानंतरच्या चालण्याने साखरेची उसळी कमी होते, हे पक्कं आहे.

संध्याकाळी स्टेशनवर उतरलं की भूक आवरत नाही. काय करू?

माझ्या मते ठाणेकरांचं वजन ठरतं ते इथेच. दुपारचा डबा एकला, घरी पोचायला साडेआठ. मध्ये साडेसात तास. त्यात फक्त चहा-बिस्किटं. ट्रेनमध्ये उभं राहून आलेलं शरीर, आणि जिना उतरताच समोर कढईतून निघालेले वडे. त्या क्षणी "मनावर ताबा ठेवा" असं सांगणं निर्दयपणाचं आहे. भूक खरी असते.

उपाय पाचला करायचा असतो, साडेसातला नाही. पाच-साडेपाचला ऑफिसात ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू, किंवा उकडलेलं अंडं, किंवा घरून नेलेलं ताक आणि मूठभर दाणे. फुटाण्यात कार्ब्ज आहेतच, पण सोबत प्रोटीन आणि चोथा असल्याने पोट धरून राहतं. माझ्याकडे येणारे एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या लहान डबीत फुटाणे भरून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतात. आतल्या कप्प्यात ठेवले तर गर्दीत हात जात नाही आणि डबी तशीच घरी येते, हे त्यांना दोन आठवड्यांत कळलं. असल्या बारीक गोष्टींवरच सगळं अवलंबून असतं.

वडापाव आठवड्यातून एकदा खा, गरम खा, उभं राहून शांतपणे खा. त्या रात्री जेवणात चपाती-भात न घेता उसळ आणि भाजी घ्या.

साखरेऐवजी गूळ किंवा मध?

कॅलरी जवळपास तितक्याच आहेत. आवडतो म्हणून गूळ घ्या, वजन उतरेल म्हणून नको. वरून घातलेली साखर, गूळ, मध सगळं मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट पाच चमचे, ठेवा.

फळं? आणि आंब्याच्या दिवसांत?

फळं खा. अख्खी, चावून. रस काढला की चोथा जातो आणि तीन संत्री एका दमात पोटात जातात. एका मध्यम हापूसमध्ये ८०-१०० कॅलरी असतात. दिवसाला एक आंबा, जेवणाला जोडून नव्हे, तर चारच्या सुमाराला, यात वजन कमी करणाऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आमरस-पुरीने: दोन-तीन आंब्यांचा रस, वर साखर, सोबत सहा पुऱ्या. तेही वर्षातून दोन रविवार केलं तर मी काही म्हणणार नाही.

उपवासाला वजन का वाढतं?

साबुदाण्यामुळे. तो टॅपिओकाच्या कंदातून काढलेला पिष्टाचा गोळा आहे: १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या पुढे कार्ब्ज, प्रोटीन जवळजवळ शून्य. एका बशीभर खिचडीत ६० ग्रॅम साबुदाणा, दाण्याचं कूट आणि तूप धरलं तर ४५० कॅलरी सहज होतात, आणि दोन तासांत पुन्हा भूक. मग बटाट्याचा चिवडा, मग केळ्याचे वेफर्स.

उपवास मोडा असं मी कधीच म्हणत नाही, तो श्रद्धेचा विषय आहे. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी करा. राजगिऱ्याचं थालीपीठ काकडी किसून घालून करा. उकडलेलं रताळं, दही, ताक, एखादं फळ. खिचडी हवीच असेल तर साबुदाणा अर्धा करा आणि काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर बशीभर घ्या.

ब्राऊन राईस, ओट्स, मल्टिग्रेन बिस्किटं घ्यावीत का?

ब्राऊन राईसमध्ये चोथा जास्त, कॅलरी तेवढ्याच. आवडत नसेल तर जबरदस्तीने गिळू नका. साधे ओट्स चांगले, पण चवीची तयार पाकिटं नकोत. त्यापेक्षा घरच्या भाजणीचं थालीपीठ कमी तेलात भाजलेलं मला जास्त आवडतं, त्यात डाळी असतात. बिस्किटांच्या पुड्याच्या मागची यादी वाचा. पहिलं नाव मैद्याचं आणि दुसरं-तिसरं साखर किंवा पाम तेलाचं असेल, तर पुढे कितीही कणसं छापलेली असोत, ते बिस्किटच आहे. अमेरिकेत केव्हिन हॉल यांच्या प्रयोगात, २०१९ साली, २० माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं होतं, हवं तेवढं खायची मुभा होती. तयार अन्नाच्या दिवसांत ती माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

मला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. कार्ब्ज कमी करू का?

कमी करणं फायद्याचं ठरेल, पण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना अचानक कार्ब्ज तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी कीटोच्या वाटेला अजिबात जाऊ नये. त्यात रक्तातली आम्लता जीवघेणी वाढू शकते, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसतही नाही.

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे. माझ्या वडिलांना एका जिममधल्या माणसाने छापील तक्ता दिला होता, 'धान्य शून्य'. गोळ्यांची चौकशीसुद्धा केली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते न्हाणीघराच्या दारात बसलेले सापडले, बनियन घामाने चिंब, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आईने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. तेव्हापासून माझ्या अर्जावर पहिला रकाना औषधांचा आहे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांनी वजन उतरवायचा आहार स्वतःहून सुरू करू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळ-उसळ वाढवण्याआधी विचारा.

दोन महिने छान उतरलं, आता काटा हलत नाही.

वजन उतरलं की शरीराची गरजही उतरते, म्हणून तोच आहार आता पुरेपूर होतो. आधी भाताची वाटी पुन्हा मोजा, ती नकळत भरत जाते. कंबर मोजा. बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत असावी. काटा थांबूनही कंबर उतरत असेल तर काम चालू आहे. पाळीच्या आधीच्या आठवड्यातलं वजन धरूच नका. आणि आठवड्यातून दोनदा तरी जिने, उठाबशा, वजनं असं काही करा. फक्त उपवन तलावाला फेऱ्या मारून स्नायू टिकत नाहीत.

घरात सगळ्यांसाठी वेगळा स्वयंपाक कुठून करू? सासूबाई म्हणतात, "एवढाच भात? आजारी पडशील."

वेगळं काही शिजवू नका. तीच आमटी, तीच भाजी, तोच भात. फक्त तुमच्या ताटात वाढायचा क्रम बदला: आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, शेवटी भात. भाजी-डाळ आधी पोटात गेली की साखरही हळू चढते आणि भात आपोआप कमी लागतो. ताट भरलेलं दिसतं, त्यामुळे सासूबाईंचं मनही राहतं. त्यांची काळजी खोटी नसते, त्यांनी टंचाईचे दिवस पाहिलेले असतात. माझ्याकडच्या एका सुनेने सासूबाईंनाच मटकीला मोड आणायचं काम दिलं. आता त्या घरी रोज कापडाची पुरचुंडी बांधलेली असते.

उरलेला भात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाल्ला तर कार्ब्ज कमी होतात म्हणे?

थोडे. भात गार झाला की त्यातलं काही पिष्ट न पचणाऱ्या रूपात जातं. फरक लहान आहे, त्याच्या भरवशावर वाटी वाढवू नका. भात शिजल्यावर तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर रात्रभर नको, त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात. सकाळी एक चमचा तेलाची फोडणी करा, कढीपत्ता, कांदा, मूठभर मटार, किसलेलं गाजर, एक वाटी भात आणि त्यावर परतलेलं एक अंडं किंवा मोड आलेले मूग. नीट वाफ येऊ द्या. पोह्यांच्या जागी हाच नाश्ता.